मालकाच्या भिंतीवरची तार

झाडूला गुंडाळलेली तार सोडवायची. लाकडी खोपटाच्या भिंतीत दोन खिळे ठोकायचे, एक गुडघ्याच्या उंचीवर, एक डोक्याच्या. तार त्या दोहोंत ताणून पिळायची आणि दोन्ही टोकांना तिच्याखाली एकेक बाटली सारायची, म्हणजे तार भिंतीपासून सुटते आणि ताठ होते. मग एका हाताच्या बोटाने ती छेडायची आणि दुसऱ्या हातातली बाटली तिच्यावरून वरखाली घसरवायची. फळ्या घुमू लागतात. आत चुलीपाशी बसलेल्या आईला हवं असो नसो, घर गात राहतं.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात कित्येक गवयांचं पहिलं वाद्य हेच होतं. डिडली बो म्हणतात त्याला. गिटारीचे पैसे जमेपर्यंत, आणि ते पुष्कळदा जमतच नसत, पोरं भिंतीवर हात बसवायची. भिंत मालकाची होती. भिंतीला लागून उभी असलेली पऱ्हाटी मालकाची, नांगर मालकाचा, खेचरही त्याचंच. झाडूची तार तेवढी आपली. त्या तारेतून जे निघालं ते पुढे शिकागोत गेलं, लंडनला गेलं, जगभरच्या तरुणांच्या अंगात भिनलं. ज्यांच्या हातून ते निघालं ती माणसं एकेक करून गेली आणि बहुतेकांच्या डोक्याशी साधा दगडही कुणी ठेवला नाही. हे लिहितोय ते त्यांच्यासाठी.

मेम्फिस शहराच्या खालून विक्सबर्गपर्यंत, मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांच्या मधे जो सपाट पट्टा पसरला आहे त्याला तिथे डेल्टा म्हणतात. नदीचं मुख तिथून फार दूर, तरीही नाव डेल्टाच. हजारो वर्षांच्या पुरांनी आणून टाकलेला गाळ. कापसाला याहून चांगली जमीन नाही. एके काळी तिथे घनदाट जंगल आणि दलदल होती. काळ्या मजुरांनी ती तोडली, नदीला बांध घातले आणि क्षितिजापर्यंत कापूस उभा केला.

आपल्या वऱ्हाड-खानदेशाचा आणि त्या मुलखाचा संबंध जुना आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकी रुई मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईतले शेअर त्या पैशावर फुगले आणि युद्ध संपताच फुटले. त्याच युद्धाने मिसिसिपीतले गुलाम मोकळे झाले. ही बातमी पुण्यातल्या एका माणसाने मनाशी घट्ट धरून ठेवली. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि काळ्यांना दास्यातून सोडवण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली. त्या वर्षी मिसिसिपीत कालचे गुलाम मत देत होते, विधिमंडळात बसत होते. जोतीरावांचा आनंद अगदी रास्त होता. पण पुढे मिसिसिपीने नवी राज्यघटना केली आणि मतपेटीपर्यंत पोचण्याच्या वाटेवर काळ्यांसाठी इतके अडथळे उभे केले की ते मत जवळजवळ संपलंच. ती घटना १८९० च्या नोव्हेंबरात मंजूर झाली. त्याच नोव्हेंबरात जोतीराव गेले.

ब्लूज नावाचं गाणं त्या नोव्हेंबरानंतरच्या पिढीचं आहे. बाप गुलामीतून सुटला आणि मुलगा अर्धेलीत अडकला, अशी ती पिढी. मालकाची जमीन कसायची, मालकाच्याच दुकानातून वर्षभर उधारीवर पीठमीठ उचलायचं, डिसेंबरात मालक वही उघडणार आणि सांगणार की यंदाही तूच देणं लागतोस. वहीतला आकडा खोटा आहे हे ठाऊक असलं तरी बोलायची सोय नव्हती. आपल्याकडे ज्यांच्या घरी सावकाराची वही येऊन गेली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. दिवसभर जे बोलता आलं नाही ते शनिवारी रात्री गाण्यात यायचं. पण या गाण्याला नुसतं दुःखाचं गाणं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. लोक त्यावर नाचायचे. मासे तळलेले असायचे, घरगुती दारू असायची, कुणाची तरी बायको कुणाकडे तरी बघत असायची. ते सुटीच्या रात्रीचं गाणं होतं, आणि सुटीची रात्र एकच असल्यामुळे आठवड्याचं सगळं ओझं तिच्यावर यायचं.

१९०३ च्या सुमाराला डब्ल्यू. सी. हँडी नावाचा शिकलेला बँडमास्तर टटवायलरच्या स्टेशनावर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघत पेंगत होता. शेजारी फाटक्या कपड्यांतला एक सडपातळ माणूस गिटारीच्या तारांवर सुरी दाबून वाजवत होता आणि दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या जागेविषयी एकच ओळ पुन्हा पुन्हा गात होता. असं विचित्र संगीत आपण कधी ऐकलं नव्हतं, असं हँडीने पुढे आत्मचरित्रात लिहिलं. हँडीला या संगीताचा जनक म्हणू लागले, मेम्फिसमध्ये त्याच्या नावाचं उद्यान झालं. सुरी धरणाऱ्या माणसाचं नाव हँडीने विचारलं नाही, की विचारलं आणि विसरला, देव जाणे. या सगळ्या परंपरेच्या उंबऱ्यावर तो एक निनावी माणूस बसलेला आहे आणि त्याला ओलांडून मला पुढे जाता येत नाही.

नावाने ओळखता येतो असा पहिला मोठा गवई चार्ली पॅटन. डॉकरी नावाच्या मळ्यावर तो वाढला. १८९५ साली विल डॉकरीने वसवलेला हा मळा म्हणजे एक संस्थानच होतं. स्वतःचं दुकान, स्वतःचं चलन, कापसाच्या गाठी नेणारा रेल्वेचा फाटाही. पॅटन शरीराने किरकोळ, आवाज मात्र खडी भरडावी तसा. गिटार डोक्यामागे धरून वाजवायचा, मांड्यांत धरून वाजवायचा, तिच्या पोटावर थापा मारून ताल धरायचा. तो मळ्यावर गायला आला की माणसं काम सोडून निघायची, म्हणून मुकादमांना तो नकोसा वाटे, असं सांगतात. हाउलिन वुल्फ त्याच्याजवळ शिकला, पॉप्स स्टेपल्सने त्याला लहानपणी ऐकलं. त्याचं एकच छायाचित्र आज आपल्याकडे आहे.

१९२९ मध्ये त्याच्या तबकड्या निघाल्या त्या पॅरामाउंटच्या. ही पॅरामाउंट म्हणजे सिनेमावाली नव्हे. विस्कॉन्सिनमधली खुर्च्या बनवणारी एक कंपनी फोनोग्राफची लाकडी कपाटंही करायची, आणि कपाटं खपावीत म्हणून तबकड्या काढायची. माल हलका, लाख निकृष्ट. काही तबकड्यांच्या जगात एकदोनच प्रती उरल्या आहेत. म्हणून आज पॅटन लावला की आधी ऐकू येते ती खरखर, पत्र्यावर पाऊस पडावा तशी. पहिल्यांदा ऐकणारा वैतागून बंद करतो. थोडं थांबलं तर त्या पावसापलीकडून एक माणूस बोलू लागतो. १९२७ च्या एप्रिलमध्ये मिसिसिपीने बांध फोडला आणि डेल्टा बुडाला. ग्रीनव्हिलला काळ्या मजुरांना बंदुकीच्या धाकाने बांधावर कामाला जुंपलं, आणि सुटकेच्या बोटी आल्या तरी मजूर हातचे जातील म्हणून त्यांना बांधावरच्या छावणीत अडकवून ठेवलं. पॅटनने त्या पुरावर तबकडीच्या दोन्ही बाजू भरतील एवढं गाणं रचलं. त्यात तो गावांची नावं घेत जातो; पाणी इथे आलं, आता तिथे आलं, डोंगराकडे जावं तर तिथे मज्जाव. शब्दाशब्दागणिक गिटारीवर थाप पडते. वर्तमानपत्रांनी त्या पुराचं पुष्कळ लिहिलं, सरकारने अहवाल काढले. बांधावर अडकलेल्या माणसाच्या बाजूने ऐकायचं असेल तर ही खरखरणारी सहा-सात मिनिटं आहेत.

पॅटन १९३४ च्या एप्रिलमध्ये गेला. होली रिजच्या कापसाच्या जिनशेजारी त्याला पुरला.

पार्चमन हे नाव ब्लूजमध्ये पुन्हा पुन्हा येतं. मिसिसिपीचा सरकारी तुरुंग, १९०१ पासूनचा; भिंतींचा तुरुंग नव्हे, हजारो एकरांची शेती, आणि कैदी त्या शेतीवरचे मजूर. राज्याला त्यातून नफा व्हायचा. तिथे कुऱ्हाड चालवताना, कुदळ मारताना कैदी गायचे. एक जण ओळ सोडणार, बाकीचे उचलणार आणि समेवर सगळ्या कुऱ्हाडी एकदम खाली येणार. यात सौंदर्यापेक्षा जीव वाचवण्याचा विचार आधी होता. ताल चुकला तर शेजाऱ्याच्या हातावर घाव बसेल. आणि सगळ्यांचा वेग एकच राहिला तर थकलेला, आजारी माणूस मागे पडलेला दिसत नाही, त्याच्या पाठीवर पट्टा बसत नाही. दुबळ्याला झाकून घेणारा ताल होता तो. कुठल्याही दरबारात यापेक्षा मोठी लय कुणी धरली असेल असं मला वाटत नाही.

१९५९ साली लोकगीतांचा संग्राहक ॲलन लोमॅक्स ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन पार्चमनला गेला. लाकूड तोडणाऱ्या टोळीचं गाणं त्याने मुद्रित केलं. म्होरक्या होता जेम्स कार्टर नावाचा कैदी. चाळीस वर्षांनी ते गाणं ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या चित्रपटाच्या सुरुवातीला वापरलं गेलं. त्याच्या संगीताच्या लाखो प्रती खपल्या, त्याला ग्रॅमी मिळालं. लोमॅक्सच्या संग्रहाची माणसं कार्टरला शोधत शिकागोत पोचली, तेव्हा त्याला ते गाणं आठवतही नव्हतं. तो तिथे कैद भोगत होता, गायला गेला नव्हता. त्याच्या हातात २०,००० डॉलरचा धनादेश पडला. हा अल्बम मायकल जॅक्सनच्या नव्या अल्बमपेक्षा जास्त खपतोय असं सांगितल्यावर तो दिलखुलास बोलला, की मायकलला सांगा, मी जरा हळू चालतो, म्हणजे तो मला गाठेल. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, कार्टर गेला. एका माणसाच्या बाबतीत हिशेब निदान उघडला गेला. त्याच्यामागे कुऱ्हाडी चालवणाऱ्या आवाजांचा हिशेब कुणी उघडायचा?

लोमॅक्सचं ऋण मोठं आहे, पण त्याच्या नावाखाली एक नाव दबलं तेही सांगायला हवं. १९४१ च्या ऑगस्टमध्ये स्टोव्हॉल मळ्यावर मॅकिन्ली मॉर्गनफिल्ड नावाच्या ट्रॅक्टर चालवणाऱ्या तरुणाचं गाणं घ्यायला लोमॅक्स गेला, तेव्हा त्याच्यासोबत फिस्क विद्यापीठातले काळे संगीतज्ज्ञ जॉन वर्क होते. डेल्टाचा अभ्यास करायची कल्पना मुळात वर्क यांची. त्यांची हस्तलिखितं कपाटात पडून राहिली आणि २००५ साली पुस्तकरूपाने आली, त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे चार दशकांनी. ट्रॅक्टरवाल्या तरुणाला मात्र त्या दिवशी यंत्रातून स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. आपण गाऊ शकतो याची त्याला खात्री पटली. १९४३ मध्ये त्याने गाडी पकडली आणि शिकागोत त्याचा मडी वॉटर्स झाला.

असे लाखो गेले. १९४४ साली क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर पेरणीपासून गाठ बांधण्यापर्यंत कापसाचं अख्खं पीक यंत्रावर निघालं. हाताने वेचलेल्या एका गाठीला जिथे ४० डॉलरच्या घरात खर्च यायचा तिथे यंत्राने काम ५ डॉलरवर आणलं. मालकांना आता माणसं नको होती. खोपटी ओस पडली, पाडली गेली, आणि गाणं ज्या शनिवाराच्या भरवशावर जगत होतं तो शनिवार शिकागोच्या दक्षिण भागात राहायला गेला.

यासाठी शोक करायचा का? मी या प्रश्नाशी बराच झगडलो आहे. बोंडाच्या टोकांनी रक्ताळलेली बोटं, खोटी वही, पार्चमनचा पट्टा. यातलं काहीही परत यावं असं कुणाही शहाण्या माणसाला वाटणार नाही. ते जग मेलं हे चांगलंच झालं, आणि ज्यांनी ते टाकून गाडी पकडली ते शूर होते. गाणं टिकावं म्हणून माणसांनी तिथेच कुजावं, ही रसिकता माझ्या लेखी क्रूर आहे. शोक आहे तो माणसांचा. त्यांनी एवढं दिलं, आणि घेणाऱ्यांनी पावतीसुद्धा केली नाही, याचा.

काही जण तिथेच राहिले. ॲव्हलॉन हे डेल्टाच्या कडेचं, टेकड्यांच्या पायथ्याचं चिमुकलं गाव. तिथला जॉन हर्ट १९२८ मध्ये मेम्फिसला आणि न्यू यॉर्कला जाऊन गाणी मुद्रित करून आला. मग मंदी आली, कंपनी विसरली, हर्ट शेतावर परतला. पस्तीस वर्षं त्याने गुरं राखली, शेती केली. त्याच्या एका गाण्यात गावाचं नाव होतं. टॉम हॉस्किन्स नावाच्या एका तरुणाने जुन्या नकाशात ते गाव शोधलं आणि १९६३ मध्ये तो त्याच्या दारात उभा राहिला. सत्तरीतला हर्ट तेव्हा स्वतःची गिटारसुद्धा बाळगून नव्हता. तरी त्याचा अंगठा खर्जाच्या तारांवर पूर्वीसारखाच संथ चालला आणि वरच्या तारांवर बोटं गप्पा मारू लागली. पॅटनच्या गर्जनेनंतर हर्टला ऐकावं. तो ओरडत नाही, ओसरीवर बसून शेजारच्याला काही सांगावं तसा गातो. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारो तरुण त्याच्यासमोर मुकाट बसले. त्याला तीनच वर्षं मिळाली. २ नोव्हेंबर १९६६ ला तो गेला.

१९६४ चा जून महिना तर विलक्षण होता. त्या महिन्यात उत्तरेकडून गोऱ्या तरुणांच्या दोन जातीच्या टोळ्या मिसिसिपीत उतरल्या. काही जण जुन्या तबकड्यांवरच्या गवयांना शोधत होते. त्यांना ट्युनिकाच्या इस्पितळात बेन्टोनियाचा स्किप जेम्स खाटेवर सापडला, आणि सन हाउसचा माग काढत निघालेल्यांना कळलं की तो कधीच मिसिसिपी सोडून न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला जाऊन राहिला आहे. दुसरे आले होते काळ्यांची मतदार म्हणून नोंदणी करायला, १८९० मध्ये हिरावलेलं परत द्यायला. २१ जूनच्या रात्री नेशोबा परगण्यात या कामातले तिघे मारले गेले: मिसिसिपीचाच काळा तरुण जेम्स चेनी आणि न्यू यॉर्कचे अँड्र्यू गुडमन आणि मायकल श्वर्नर. त्यांचे देह ऑगस्टमध्ये मातीच्या बांधात सापडले. स्किप जेम्सचा तो भुतासारखा उंच, कापरा आवाज मला या तिघांपासून वेगळा ऐकता येत नाही. जे संगीत शोधायला तरुण येत होते ते कशातून आलं, याचं उत्तर त्याच महिन्यात त्याच मातीत पुरलेलं होतं.

डेल्टाच्या पूर्वेला जमीन चढू लागते. कोमो, सेनाटोबिया ही गावं टेकड्यांतली. तिथली शेतं लहान, काही काळ्या शेतकऱ्यांच्या स्वतःच्या मालकीची, आणि संगीतही निराळं. सूर बदलत नाहीत, एकाच आवर्तनात घुमत राहतात. फ्रेड मॅकडॉवेल तिथला. १९५९ च्या शरदात एका संध्याकाळी तो दिवसभर कापूस वेचून लोमॅक्सच्या मुक्कामी आला, हातात गिटार. फॅनी डेव्हिस कंगव्यावर कागद धरून फुंकू लागली आणि रात्र झाली. पुढे रोलिंग स्टोन्सनी त्याचं एक गाणं घेतलं.

ओथा टर्नरही याच टेकड्यांतला. तो बासरी स्वतः करायचा. ओढ्याकाठचा बोरू कापून आणायचा, लोखंडी सळई विस्तवात लाल करायची आणि ती आतून फिरवत बोरू पोकळ करायचा. मग फुंकायचं एक आणि बोटांची पाच भोकं पुन्हा त्याच सळईने जाळून पाडायची, बोटांच्या मापाने, फूटपट्टीशिवाय. धूर, जळक्या बोरूचा वास, आणि राख झटकून ओठाला लावताच निघणारी ती चिरत जाणारी शीळ. मागे तीन ढोल. सैन्याच्या कवायतीतले ढोल आणि बासरी काळ्या हातांत आले आणि त्यांनी कवायत मोडून त्यात आफ्रिका भरली. उन्हाळा संपताना टर्नर अंगणात बोकड भाजायचा, गाव जमायचं, आणि लोक ढोलांच्या मागोमाग धुळीत वर्तुळ धरून नाचत राहायचे. त्याची पहिली तबकडी निघाली १९९८ मध्ये, तो नव्वदीत असताना. २७ फेब्रुवारी २००३ ला पंच्याण्णवाव्या वर्षी तो गेला. त्याची लेक बर्निस, त्याच्याच जथ्यातली ढोलवाली, त्याच दिवशी गेली. बाप-लेकीची अंत्ययात्रा एकत्र निघाली आणि तिच्या पुढे बासरी वाजवत चालली त्याची शाळकरी नात शार्डे.

या काळ्या परंपरेच्या कडेने एक गोरा माणूसही चालला: मेरिडियनचा जिमी रॉजर्स, रेल्वेचा कामगार. काळ्या गँगमनांकडून त्याने गाणं उचललं आणि कंट्री संगीताचा पाया घातला. क्षयाने पोखरलेला, दोन गाण्यांमधे स्टुडिओतल्या खाटेवर आडवा होत त्याने न्यू यॉर्कमध्ये शेवटची गाणी दिली आणि १९३३ च्या मे महिन्यात तो गेला. रेल्वेनेच त्याला घरी आणलं. त्याच्या वाट्याला स्मारक लवकर आलं. ज्यांच्याकडून तो शिकला त्यांची नावं स्मारकावर नाहीत.

दगडांची गोष्ट अशी, की मिसिसिपीतल्या काळ्या गवयांच्या कबरी बहुतेक उशिरा, दुसऱ्यांच्या पैशाने बांधल्या गेल्या. माउंट झायन मेमोरियल फंड नावाच्या संस्थेने १९९० च्या दशकात हे काम हाती घेतलं. पॅटनच्या कबरीवर १९९१ मध्ये दगड बसला, सत्तावन्न वर्षांनी. पैसे जॉन फॉगर्टीने दिले. मॅकडॉवेलच्या पहिल्या दगडावर त्याच्या नावाचं स्पेलिंगच चुकलेलं होतं. बॉनी रेटने १९९३ मध्ये नवा बसवला. तरुणपणीच गेलेल्या लॉनी पिचफोर्डच्या दगडाला बाजूने तार जोडलेली आहे, वाजवता येणारी डिडली बो. ज्यांनी या संगीतावर नाव कमावलं त्यांच्यापैकी काहींनी असं ऋण फेडलं, हे त्यांच्या मोठेपणाचं. पण दगड हे मजुरीचं उरलेलं देणं नव्हे.

रॉबर्ट जॉन्सनला तर कुठे पुरलं हेही नक्की नाही. ग्रीनवुडच्या आसपास तीन जागी त्याचे दगड आहेत. त्याने फक्त २९ गाणी मुद्रित केली आणि १६ ऑगस्ट १९३८ ला तो सत्ताविसाव्या वर्षी गेला. त्याच्याविषयीची एक दंतकथा जगाला ठाऊक आहे: मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून त्याने ती कला मिळवली. मला ही कथा संतापजनक वाटते. मुळात ती टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गवयाविषयी त्याच्या भावाने सांगितलेली. रॉबर्ट शिकला तो हेझलहर्स्टकडच्या आइक झिमरमन नावाच्या माणसाकडे. कुणाची झोप मोडू नये म्हणून गुरुशिष्य रात्री स्मशानात जाऊन बसायचे आणि तासन्‌तास हात घासायचे. आपल्या गवयांचा रियाज आपण तपश्चर्या म्हणून सांगतो. एका काळ्या मजुराच्या पोराचा रियाज मात्र सैतानाची करामत ठरतो. त्याचे पैसे गेले, आयुष्य गेलं. निदान मेहनत तरी त्याच्या नावावर राहू द्या.

माणसांमागोमाग गाण्याच्या जागाही गेल्या. टेकड्यांतला गवई ज्युनियर किम्ब्रो याचा चुलाहोमाचा अड्डा २००० साली जळाला, तो स्वतः त्याआधी दोन वर्षं गेला होता. मेरिगोल्डच्या शेतात उभा असलेला पो मंकीज हा अड्डा २०१६ मध्ये तो चालवणाऱ्या विली सीबेरीच्या मृत्यूने बंद पडला. २०१५ मध्ये बी. बी. किंगला इंडियानोलात आणून पुरलं, ज्या जिनमध्ये तो पोरवयात राबला त्याच्या शेजारी उभारलेल्या संग्रहालयाच्या आवारात. राज्याने २००६ पासून गावोगाव ब्लूजचे निळे फलक लावले, दोनशेहून जास्त. पहिला लागला पॅटनच्या कबरीपाशी. जे राज्य या माणसांना मत देऊ देत नव्हतं ते आज त्यांच्या नावावर पर्यटक बोलावतं. फलक लागले हे बरंच झालं. पण डेल्टातली गावं आजही देशातल्या सगळ्यांत गरीब गावांत मोजली जातात, आणि तिथली वस्ती त्याच गवयांच्या नातवंडांची आहे.

आणि तरी काही चालू आहे. बेन्टोनियात ब्लू फ्रंट कॅफे आहे. जिमी ‘डक’ होम्सच्या आईवडिलांनी तो १९४८ मध्ये उघडला, आणि स्किप जेम्सच्या गावची ती विचित्र, उदास सुरावट तिथे होम्सने सांभाळली, येईल त्याला शिकवली. शार्डे थॉमस मोठी होऊन आजोबांची बासरी देशोदेशी घेऊन गेली.

२०११ पासून मुंबईत, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, महिंद्रा ब्लूज महोत्सव भरत आला आहे. तिथे जाणाऱ्या आणि हे संगीत आवडणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांना माझी विनंती आहे. तुमचं आवडतं गाणं पहिल्यांदा कुणी गायलं ते शोधा आणि त्याचं नाव घेऊन मित्रांना सांगा. लोमॅक्सच्या १९५९ च्या मुद्रणांचा मोठा भाग इंटरनेटवर विनामूल्य ऐकायला मिळतो. त्यात पार्चमनचे कैदी आहेत, फ्रेड मॅकडॉवेल आहे, कंगवा फुंकणारी फॅनी डेव्हिस आहे. आणि जे आज हयात आहेत, वाजवत आहेत, त्यांची तबकडी पैसे देऊन विकत घ्या.